लसीकरण सत्राची पेटी कशी भरायची: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

प्राथमिक आरोग्य केंद्रात कोल्ड चेनचं, म्हणजे लस थंड ठेवून पोहोचवण्याचं काम अंगावर आलं, किंवा उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून रुजू झालात, की व्हॅक्सिन कॅरियरशी, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीशी, गाठ पडतेच. प्रशिक्षणात सगळं शिकवलेलं असतं. पण सत्राच्या सकाळी एव्हीडीवाला (पेटी सत्राच्या गावी पोहोचवणारा) दारात गाडी सुरू ठेवून उभा राहतो, आशाताईंचा फोन येतो की बायका मुलांना घेऊन अंगणवाडीत बसल्या आहेत, आणि त्या घाईत नेमकी जी पायरी गाळली जाते तिच्यामुळे लस वाया जाते. ती पायरी कोणती, हे मी बरीच वर्षं पेट्या भरताना आणि भरून घेताना पाहिलं आहे, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याकडे सगळ्यांना उन्हाची धास्ती असते. लस तापली तर खराब होते, हे गावातल्या आजीलाही ठाऊक असतं. त्यामुळे जितका जास्त बर्फ तितकं चांगलं, असा समज घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात सत्राच्या पेटीतल्या निम्म्याहून अधिक लसींना खरा धोका गोठण्याचा असतो. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), हिपॅटायटिस बी, पीसीव्ही (न्यूमोकोकलची), आयपीव्ही (टोचायची पोलिओ लस) या सगळ्या गोठल्या की कायमच्या गेल्या. हिपॅटायटिस बीची लस तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठू लागते. यातल्या बहुतेक लसींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो आणि लसीचा मुख्य घटक त्याला चिकटलेला असतो. गोठल्यावर ही रचना मोडते, क्षाराचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. नंतर लस वितळते, पुन्हा पाण्यासारखी दिसते, सिरिंजमध्ये नीट येते, बाळाला टोचलीही जाते. फक्त तिचं काम ती करत नाही, आणि हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही.

ओपीव्ही (पोलिओचे थेंब), बीसीजी (क्षयरोगावरची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) यांचं उलटं आहे. त्यांना थंडीचं भय नाही, त्या उष्णतेने लवकर मरतात. बीसीजी आणि एमआरला उजेडही सोसत नाही. दोन्ही स्वभावांच्या लसी एकाच पेटीत न्यायच्या असतात आणि पेटीचं तापमान +२ ते +८ अंश सेल्सिअसच्या मध्ये ठेवायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय काय हाताशी हवं

चार आइसपॅक (पाणी भरून गोठवायचे चपटे डबे) बसणारा व्हॅक्सिन कॅरियर, झाकणाखाली बसणाऱ्या फोमच्या पॅडसह. ०.४ लिटरचे आइसपॅक, चारापेक्षा थोडे जास्तच गोठवलेले. जाड झिप-लॉक पिशव्या. कोरडं फडकं. पुसलं न जाणारं पेन. लसी आणि त्यांची त्यांचीच डायल्युएंट, म्हणजे भुकटीची लस ज्यात मिसळतात तो द्राव. एडी सिरिंजा (एकदाच वापरता येणाऱ्या), बीसीजीच्या वेगळ्या सिरिंजा आणि मिश्रणासाठी ५ मिलीच्या सिरिंजा. हब कटर (वापरलेली सुई कापायला), लाल आणि काळी पिशवी, अ‍ॅनाफिलॅक्सिस किट (तीव्र अ‍ॅलर्जी झाली तर लागणारं).

कागदांत ड्यू लिस्ट (कोणाला कोणती लस द्यायची आहे ती यादी), टॅली शीट (दिलेल्या डोसांची मोजणी), लस वाटप नोंदवही, माता-बाल संरक्षण कार्डं आणि आयएलआर (केंद्रातला लसी ठेवायचा फ्रीज) व डीप फ्रीझरची तापमान नोंदवही. ईविनवर (लसींच्या साठ्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) साठ्याची नोंद करायचा मोबाइल चार्ज केलेला असू द्या.

१. आदल्या दिवशी आइसपॅक बघा

आइसपॅकमध्ये साधं स्वच्छ पाणी खुणेपर्यंतच भरायचं. गोठताना पाणी फुगतं, काठोकाठ भरलं तर पॅकला तडा जातो. झाकण घट्ट लावून पॅक उलटा करून दाबून बघा. गळणारा पॅक बाजूला काढा, चिकटपट्टी लावून वापरू नका. बाहेरून पुसून डीप फ्रीझरमध्ये उभे ठेवा, मध्ये हवा खेळेल इतकी फट सोडा. नीट गोठायला पूर्ण दिवसरात्र द्यावी लागते, म्हणून आज भरलेल्या पॅकवर उद्याच्या सत्राची भिस्त ठेवू नका. आधीच गोठलेल्यांचा साठा नेहमी तयार असावा. प्रत्येक वेळी पाणी बदलायचीही गरज नसते.

पाण्यात मीठ घालू नका. बर्फ जास्त वेळ टिकेल म्हणून हा सल्ला कोणीतरी देतंच. मिठाच्या पाण्याने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि शेजारची पेंटाव्हॅलंट गोठते.

२. आदल्या दिवशी हिशोब करा

ड्यू लिस्ट हातात घेऊनच कुपी मोजायच्या. अंदाजाने भरलेल्या पेटीत एक लस कमी पडते आणि दुसरी उगाच फिरून परत येते. प्रत्येक फेरीत थोडी उष्णता लागते आणि ती साठत जाते.

हिशोब सोपा आहे. मुलांच्या संख्येला वाया जाण्याच्या गुणकाने गुणायचं आणि एका कुपीतल्या डोसांनी भागायचं. दहा टक्के वाया जाणं गृहीत धरलं तर गुणक १.११ येतो. पेंटाव्हॅलंटसाठी १४ बाळं आहेत, कुपी १० डोसांची आहे: १४ गुणिले १.११ म्हणजे साडेपंधराच्या आसपास, म्हणजे दोन कुप्या. बीसीजी आणि एमआर एकदा मिसळल्यावर काही तासांतच टाकावी लागते, म्हणून तिथे वाया जाण्याचं प्रमाण जास्त धरतात. एकच मूल आलं तरी कुपी उघडायची असते. "एकासाठी कशाला फोडायची, पुढच्या महिन्यात या" असं सांगून परत पाठवलेलं मूल पुढच्या महिन्यात ऊसतोडीच्या गावी गेलेलं असतं. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या ताईंना हे वेगळं सांगायला नको.

डायल्युएंट किमान २४ तास आधी आयएलआरमध्ये ठेवा. खोलीच्या तापमानाचं डायल्युएंट थंड लसीत घातलं तर तिच्यातल्या जिवंत जंतूंना धक्का बसतो. ते डीप फ्रीझरमध्येही ठेवायचं नाही, अ‍ॅम्प्यूल तडकते.

३. सकाळी आइसपॅकला घाम सुटू द्या

गाळली जाते ती हीच पायरी.

डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५ अंशांवर चालतो. तिथून काढलेला आइसपॅक तितकाच थंड असतो, त्यावर पांढरं दव गोठलेलं दिसतं. तो तसाच पेटीत घातला तर पहिल्या तासाभरात भिंतीलगतच्या कुप्या शून्याखाली जातात. बाहेर चाळीस अंश ऊन असलं तरी आतलं हे गोठणं थांबत नाही, कारण पेटीचं कामच बाहेरची उष्णता आत न येऊ देणं आहे. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यातही पेटीत लस गोठू शकते, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण तसं होतं.

म्हणून आइसपॅक बाहेर काढून टेबलावर एकेरी थरात मांडा, मध्ये साधारण दोन-तीन बोटांची फट ठेवा. एकावर एक रचलेले पॅक आतून तसेच राहतात. थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमू लागतील. मग एकेक पॅक उचलून कानाशी हलवा. आत पाण्याचा खळखळ आवाज आला, बर्फाचा गोळा किंचित सरकला, की पॅक तयार. आता त्याचं तापमान शून्याजवळ आलं आहे आणि बर्फ अजून भरपूर शिल्लक आहे. दिवसभर तोच पुरेल.

किती वेळ लागतो? घड्याळावर जाऊ नका. उन्हाळ्यात लवकर होतं, महाबळेश्वर किंवा तोरणमाळच्या हिवाळ्यात तासाहून जास्त लागू शकतो. म्हणून कर्मचारी यायच्या आधी कोणीतरी लवकर येऊन पॅक बाहेर काढणं हे ठरलेलं काम असावं, आणि ते कोणाचं हे भिंतीवर नावानिशी लिहिलेलं असावं. एव्हीडीवाल्यालाही वेळ त्याच हिशोबाने सांगा. तो आला म्हणून घाई, आणि घाई म्हणून घाम न सुटलेले पॅक, हे दुष्टचक्र मी अनेक केंद्रांवर पाहिलं आहे. गाडी पंधरा मिनिटं थांबली तर कोणाचं काही बिघडत नाही.

पॅक गरम पाण्याखाली धरणं, उन्हात ठेवणं हे उपाय टाळा. बाहेरून वितळतं, आतला गोळा तसाच राहतो, आणि उन्हात ठेवलेला पॅक विसरला की सगळाच बर्फ जातो.

काही ठिकाणी आता गोठण्यापासून संरक्षण असलेले कॅरियर आले आहेत. त्यांत आतल्या भिंतीची रचना वेगळी असते आणि पॅक थेट फ्रीझरमधून घातले तरी चालतात. पण तुमची पेटी त्या प्रकारची आहे का, हे तिच्यावरचं लेबल वाचून आणि जिल्हा शीतसाखळी तंत्रज्ञांना विचारून ठरवा. दिसायला दोन्ही सारख्याच वाटतात.

४. आयएलआरमधून कुपी काढताना

आयएलआरचं झाकण वरून उघडतं, कारण थंड हवा जड असते आणि खालीच राहते. तरी झाकण उघडं टाकून कुप्या निवडत बसू नका. यादी आधी वाचा आणि एकदाच उघडून सगळं काढा. उघडलेली पण अजून वापरता येणारी कुपी आधी द्या, मग जिचा व्हीव्हीएम पुढे सरकलेला आहे ती, मग जिची मुदत आधी संपते ती.

व्हीव्हीएम म्हणजे कुपीवरचा तो गोल आणि त्यातला चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते. चौकोन गोलाच्या रंगाचा झाला किंवा त्याहून गडद झाला तर नाही. ही खूण पहिल्यांदा १९९६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीवर आली आणि त्यानंतर कुपी चांगली आहे की नाही हे सेविकेला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येऊ लागलं. मला तिचं फार मोल वाटतं.

पण व्हीव्हीएम फक्त उष्णता मोजतो. गोठलेल्या कुपीचा व्हीव्हीएम छान फिका, अगदी नव्यासारखा दिसतो. "व्हीव्हीएम चांगला आहे, म्हणजे लस चांगली" हा निष्कर्ष पेंटाव्हॅलंट-टीडीच्या बाबतीत अर्धाच खरा आहे.

लेबल निघालेली, तडा गेलेली, आत गुठळी दिसणारी कुपी घेऊ नका. प्रत्येक डायल्युएंट त्याच लसीचं आणि त्याच कंपनीचं आहे का, हे नाव वाचून जुळवा. लसीच्या जितक्या कुप्या, तितकीच डायल्युएंट.

इथे थोडं थांबून सांगते. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब भागात गोवर लसीकरणाच्या वेळी डायल्युएंटऐवजी स्नायू शिथिल करणारं अ‍ॅट्राक्युरियम वापरलं गेलं आणि १५ मुलं दगावली. लसीत काहीच दोष नव्हता. चुकीची अ‍ॅम्प्यूल लसीच्या सोबतीला ठेवली गेली होती. म्हणून आयएलआरमध्ये आणि कॅरियरमध्ये लस आणि तिचं डायल्युएंट यांखेरीज काहीही ठेवायचं नाही. इन्सुलिन नाही, ऑक्सिटोसिन नाही, सापाच्या विषावरची लस नाही, कोणाचा डबा किंवा पाण्याची बाटलीही नाही. आपल्याकडे जानेवारी २०२१ च्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर दिलं गेलं, तेव्हा हे प्रकार दूरदेशीच घडतात असं समजू नका. सॅनिटायझरची बाटली लसीच्या टेबलावर नको, वेगळ्या जागी ठेवा.

५. पेटी भरताना

पेटी आतून कोरडी आहे, तडा नाही, कडी नीट लागते, हे बघा. मग घाम सुटलेले चारही पॅक कोरड्या फडक्याने पुसून चार भिंतींना उभे लावा. चार म्हणजे चारच. जागा व्हावी म्हणून एक पॅक काढला तर त्या बाजूने उष्णता आत शिरते आणि पेटी दुपारपर्यंतच टिकते. चार पॅकच्या पेटीत लस आणि डायल्युएंट मिळून १६ ते २० कुप्या बसतात. जास्त लागत असतील तर दुसरी पेटी द्या.

मधल्या मोकळ्या चौकोनात लसी झिप-लॉक पिशवीत घालून ठेवा. पिशवीमुळे कुपी बर्फाला थेट टेकत नाही आणि लेबल भिजून सुटत नाही. लेबल गेलं की व्हीव्हीएम, बॅच, मुदत सगळंच गेलं, मग लस चांगली असली तरी टाकावी लागते. डायल्युएंटही याच पेटीत, स्वतंत्र पिशवीत. वरून फोमचा पॅड, मग झाकण, मग कडी. सुटा बर्फ कधीही घालू नका. तो वितळला की कुप्या पाण्यात तरंगतात आणि रबरी बूच पाण्यात बुडालेली उघडी कुपी पुन्हा वापरता येत नाही.

पेटीवर सत्राचं गाव, तारीख आणि भरल्याची वेळ लिहा. वाटप नोंदवहीत प्रत्येक लसीचा बॅच क्रमांक, मुदत, व्हीव्हीएमची अवस्था आणि कुप्यांची संख्या लिहून सही घ्या. पुढे एखाद्या बाळाला त्रास झाला तर वैद्यकीय अधिकारी पहिल्यांदा हाच कागद मागतात.

१२ जानेवारी २०२१ ला पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविडच्या लसीचे पहिले ट्रक पूजा करून निघाले, ते दृश्य सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. कारखान्यापासून राज्याच्या भांडारापर्यंत, तिथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून आपल्या केंद्रापर्यंत लस यंत्रांच्या थंडाव्यात आणि नोंदींच्या पहाऱ्यात येते. शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर मात्र ती तुम्ही भरलेल्या पेटीच्या भरवशावर जाते. तिथे थर्मामीटरही नसतो.

६. वाटेत आणि सत्रात

पेटी उन्हात नको, गाडीच्या सायलेन्सरजवळ नको, तिच्यावर कोणी बसायला नको. नीट भरलेली पेटी साधारण १२ तास थंड राहते, पण झाकण सारखं उघडलं नाही तरच. पोहोचल्यावर ती सावलीत ठेवा आणि मूल समोर आल्यावरच कुपी काढा. सगळ्या कुप्या टेबलावर मांडून बसायची सवय काही ठिकाणी असते, ती मोडा.

मिसळलेली बीसीजी आणि एमआर आइसपॅकवर ठेवलेली चालते, ओपीव्हीही चालते. पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी, डीपीटी कधीच बर्फावर टेकवू नका. बऱ्याच जणी सवयीने सगळ्याच कुप्या पॅकवर रांगेत लावतात, आणि केंद्रावर मन लावून भरलेली पेटी इथे फुकट जाते.

कुपी उघडली की लगेच तिच्यावर तारीख आणि वेळ लिहा. मिसळलेली बीसीजी-एमआर चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी असेल तेव्हा बाद. त्यांत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं, त्यामुळे "अर्धा तासच तर वर झाला" ही सूट देऊ नका. दुपारी एकदा पॅक हलवून बघा. आत बर्फ शिल्लक असायला हवा. सगळं पाणी झालं असेल तर केंद्राला फोन करून दुसरे पॅक मागवा.

७. परत आल्यावर

पेटी त्याच दिवशी केंद्रावर परत गेली पाहिजे. रात्रभर उपकेंद्रात किंवा घरी राहिलेल्या पेटीतली लस आयएलआरमध्ये परत घेऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

कोल्ड चेन हँडलरने पेटी उघडल्यावर पहिल्यांदा आइसपॅक बघायचे, मग कुप्या. न उघडलेल्या, व्हीव्हीएम चांगल्या असलेल्या कुप्या परत आयएलआरमध्ये, पुढच्या वेळी आधी द्यायच्या अशा खुणेने. ओपीव्ही, पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, आयपीव्ही, पीसीव्ही यांच्या उघडलेल्या कुप्या उघडल्यापासून २८ दिवसांपर्यंत पुन्हा चालतात. अटी पाच आहेत: मुदत संपलेली नको, व्हीव्हीएम चांगला हवा, तापमान सतत योग्य राहिलेलं हवं, बूच पाण्यात बुडालेलं नको आणि डोस काढताना स्वच्छता पाळलेली हवी. उघडल्याची तारीख लिहिलेली नसेल तर कुपी बाद, मग ती कितीही भरलेली असो.

मिसळलेल्या कुप्या लगेच फेकू नका. त्या "वापरू नये" लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी असेल तोवर जपायच्या. एखाद्या बाळाची तक्रार आली तर तपासाला त्याच लागतात.

गोठल्याची शंका आली तर

कुपीत बर्फ दिसला तर चाचणी कसलीच नको, ती बाद. शंका असेल, जसं पॅकला घाम न सुटताच पेटी गेली होती असं कळलं, तर शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची आणि त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून वितळू द्या. तिच्यावर मोठ्या अक्षरांत "गोठवलेली, वापरू नये" लिहा. मग ती आणि संशयित कुपी एका हातात धरून जोरात हलवा, सपाट जागी शेजारी शेजारी ठेवा आणि अर्धा तास बघा. गोठवलेल्या कुपीत गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. संशयित कुपी तितक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसली, तर त्या पेटीतल्या त्या बॅचच्या सगळ्या कुप्या बाद. हळू बसली तर वापरता येतील. ही चाचणी अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसींसाठीच आहे. आयपीव्हीमध्ये तो नसतो, त्यामुळे तिच्याबाबत शेक टेस्टवर विसंबू नका, शंका असेल तर बाजूला काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

बाद केलेल्या कुप्यांची नोंद कारणासह लिहा आणि ईविनवर साठा त्याच संध्याकाळी कमी करा. नव्या लोकांना वाटतं की वाया गेलेली लस दाखवली तर ओरडा बसेल, म्हणून आकडा लपवला जातो. मग जिल्ह्याला तुमच्याकडे साठा आहे असं दिसतं आणि पुढच्या महिन्यात लस येत नाही. शिवाय एकाच केंद्रावरून "गोठली" हे कारण पुन्हा पुन्हा आलं, तर तिथला आयएलआरचा थर्मोस्टॅट बिघडलाय की सकाळी पॅक उशिरा निघतायत, हे तंत्रज्ञांना शोधता येतं.

शेवटी पेटी आणि फोम पॅड धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवा, आणि चारही आइसपॅक पुसून परत डीप फ्रीझरमध्ये उभे लावा.